मोरीवरचं नाव

जोमाकाकांनी मला कधी शाबास म्हटलं नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, वर टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. पण ते शेवटी सांगेन. आधी माणूस कळू दे.

कल्याणजवळ मोहन्याला आम्ही भाड्याने राहायचो, त्या खोल्यांसमोर त्यांची पत्र्याची शेड होती. पंक्चर काढणं, भाड्याने सायकली देणं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणं असे तीन उद्योग तिथे चालायचे. तरुणपणी ते ठाण्याच्या खाडीवर मिठागरात राबलेले. लग्नानंतर सासुरवाडीजवळ घर बांधलं आणि मिठाचं पाणी सोडून सायकलीच्या ट्यूबा बुडवायचं पाणी धरलं. उंच, काळे, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगात भोकाभोकांचा गंजीफ्रॉक. मिठाने तळपाय असे चिरलेले की त्यांना अनवाणी पायाने पेडल मारताना बघून मला कसंतरी व्हायचं. त्यांना काही वाटायचं नाही.

चिडायला त्यांना कारण लागायचं नाही. टायरला लाथ मारून हवा बघणाऱ्यावर ते चिडायचे, घंटी नसलेल्या सायकलीवर चिडायचे. ट्रकवाल्यांना तर ते रस्त्याच्या कडेला उभं राहून शिव्या घालायचे, ट्रक दिसेनासा झाला तरी. पण सगळ्यात जास्त राग त्यांना यायचा तो कौतुकाचा. नवीन शिकणाऱ्याला कुणी ‘वा, मस्त!’ म्हटलं की हातातला पान्हा खाली आपटायचे.

“वा वा नको करूस,” ते म्हणायचे. “वा वा आयकून तो आज कल्यानला जाईल न उद्या खाटल्यावर परल. मंग तू जाशील का त्याच्या आयला सांगायला?”

त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पदवी एकच होती. फेरी मारून परत आलेल्या माणसाकडे ते खालून वर बघायचे आणि म्हणायचे, “मेला नाय ना? मंग उद्या ये.”

माझी आणि त्यांची गाठ पडली ती सत्याऐंशी सालच्या एप्रिलात. माझं माहेर ठाण्यातल्या खोपटचं, एसटी डेपोच्या मागचं. लहानपणापासून गाड्यांच्या बोर्डावर गावांची नावं वाचत मोठी झालेली मुलगी मी. जगात एसटी जात नाही असं गाव असतं हे मला नोकरीच्या ऑर्डरने शिकवलं. मुरबाडच्या अंगाला, आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर शाळा. सकाळची पहिली गाडी फाट्यावर सोडायची आठ वाजता, तिथून पुढे चालत तासभर. शाळा भरायची साडेसातला. जूनमध्ये हजर व्हायचं होतं.

घरात निर्णय घ्यायचे ते माझे मोठे दीर. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत, ते शांतपणे हसायचे, आणि मला त्या हसण्याची चीड यायची. त्यांनी कारखान्यातून येताना कोरा कागद आणला, सुंदर अक्षरात माझा नकार लिहिला, ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ वगैरे, आणि तो कागद भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवला.

“घाई नाही,” म्हणाले. “शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सही कर.”

म्हणजे रोज किती वाजले बघायला मान वर केली की तो कागद दिसायचा. डी.एड.ला मी पहिल्या पाचात आलेली. दोन वर्षं त्या ऑर्डरची वाट बघितलेली. आणि आता एका घड्याळामागच्या कागदावर माझी सही तेवढी राहिली होती. आणि हे, म्हणजे माझा नवरा, एका रविवारी उल्हासनगरहून जुनी लेडीज सायकल ढकलत घेऊन आले. आमच्या संसारात ह्यांनी केलेलं ते पहिलं बंड.

मी मैदानात शिकायला लागले. साडी खोचून, वय सव्वीस. बघायला ही गर्दी. तिसऱ्या दिवशी मी पन्नास पावलं न पडता गेले तर बायकांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात शेडमधून ओरडा आला.

“कोन तो टाल्या वाजवतंय? तमाशा हाय का?” जोमाकाका गर्दीत घुसले. सगळ्यांना हाकललं. मग माझ्याकडे वळले. “न तू बाय, तू कनाला हसतंस? कुठं जायाचाय तुना?”

मी शाळेचं गाव सांगितलं. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्या चपलांकडे.

“अकरा जायाला, अकरा यायला. बावीस झाले,” म्हणाले. “घरी पानी कोन भरतं?”

मला वाटलं, म्हातारा भोचक आहे. सायकलीचा आणि पाण्याचा काय संबंध? पण त्यांच्या शिकवण्याची ती पहिली पायरी होती. शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, घरी गेल्यावर काय काम आहे? कारखान्यात रात्रपाळी असेल तर तेवढं अंतर कमी. बाईला पाणी, दळण, लहान मूल असेल तर प्रत्येकाचं वेगळं कमी. “अर्धा दम जायाचा, अर्धा यायाचा, न वर मूठभर घरच्या कामाला. दम घरी संपला पायजे, रस्त्यात नाय,” हे त्यांचं गणित. माझ्या वाट्याला पाण्याच्या बारा कळश्या होत्या. त्या ऐकून त्यांनी माझं अंतर निम्म्यावर आणलं आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. मग एका सोमवारी सकाळी हे कळशी घेऊन नळावर उभे राहिले. चाळभर हसू पसरलं. दिरांनी वर्तमानपत्रातून मान काढली नाही. मी काकांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, “खरा का? मंग अर्धी मोरी वाढव.”

मोरी हे त्यांचं माप. शाळेच्या रस्त्यावर ओढ्यांवरच्या पाच मोऱ्या होत्या, दगडी कठड्याच्या. पहिली दोन किलोमीटरवर, पाचवी शाळेच्या अलीकडे. नवीन माणसाने आठवडाभर एकाच मोरीपर्यंत जायचं, रोज तिथेच. आठवड्याअखेर न धापता घरी परत आला तर काका स्वतः सायकलवरून जाऊन चुन्याने मोरीच्या कठड्यावर त्याचं नाव लिहायचे. डालड्याच्या डब्यात कालवलेला चुना, काथ्या ठेचून केलेला ब्रश, चौथी पास माणसाचं ठसठशीत अक्षर. नाव पोचल्यावर नाही, घरी परत आल्यावर लिहायचं. पोचला पण परत टेम्पोत बसून आला, तर नाव नाही. त्यावर भांडणं व्हायची. एकदा कारखान्यातला एक धिप्पाड मुकादम तावातावाने आला, तिसऱ्या मोरीवर जाऊन आलो, दोन साक्षीदार आहेत, नाव का नाही? काका ट्यूब घासत म्हणाले, “चौथ्या दिवशी तू कामाला गेल्ता का?” तो गेला नव्हता. पाय धरून झोपला होता. बिचारा तसाच परत गेला.

पहिल्या मोरीवर नावांची गर्दी होती. तिसरीवर आठ-दहा. पाचवीवर दोन, दोन्ही पुरुषांची.

मला घाई होती आणि त्यांना नव्हती, ह्यावरून आम्ही रोज भांडायचो. मी म्हणायचे, काका, मे संपत आला. ते म्हणायचे, मीठ काय तुझ्या ऑर्डरीला इचारून पिकतं का? पानी आटायच्या आधी ओढलंस तर चिखल येतो हातात. मी म्हणायचे, मी मीठ नाही, मी शिक्षिका आहे. त्यावर ते म्हणायचे, “मंग शिक.”

दुसऱ्या मोरीवर माझं नाव लागलं त्या दिवशी घरी पाहुणे होते. दिरांनी चहा पिता पिता त्यांना सांगितलं, “आमच्या सूनबाई चार किलोमीटर जातात. उरलेल्या सातसाठी शाळा जवळ आणा म्हणून अर्ज करणार आहेत.” सगळे हसले. मीच बनवलेले पोहे खात हसले.

माझं डोकं फिरलं. कपबशा तशाच टाकल्या, सायकल काढली आणि निघाले. दुपारचे चार वाजलेले. शेडला कुलूप होतं, काका कुठे तरी गेलेले, म्हणजे अडवायलाही कुणी नाही. आणि काय सांगू, सायकल पळत होती. तिसरी मोरी कधी गेली कळलं नाही. पाय दुखेनात, धाप लागेना. चौथी मोरी आली तेव्हा मी मोठ्याने हसले. इतके दिवस म्हाताऱ्याने आपल्याला फुकट अडवून ठेवलं, हे माझ्या मनात अगदी पक्कं झालं. वळले आणि पहिल्या पेडललाच कळलं.

खाडीचं वारं. दुपारनंतर ते पश्चिमेकडून सुटतं आणि तो सगळा रस्ता झोडपून काढतं. येताना ते माझ्या पाठीला होतं. आता तोंडावर आलं. सायकल पुढे जाईना. उतरले, ढकलली, बसले, पुन्हा उतरले. पदर तोंडावर, डोळ्यांत धूळ. तिसऱ्या मोरीशी पोचेपर्यंत दिवस मावळला होता आणि मी कठड्यावर बसून संतापाने रडत होते. दिरांवर, वाऱ्यावर, सगळ्यांवर.

समोरून काका आले. वाऱ्याबरोबर आले, त्यामुळे एकदम आले. उतरले आणि असे ओरडले की झाडावरचे बगळे उडाले.

“वारा पाठीवर असला का मानसाला वाटतं आपन शाने झालो! खारीवर जन्म गेला माजा. होरीवाला पोर पन आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो, मंग वाऱ्याबरोबर घरी येतो. तू मास्तरीन! शिकलेली!”

मला वाटलं, आता कॅरिअरवर बसवतील. छे. मला माझी सायकल ढकलायला लावली, स्वतःची ढकलत शेजारून चालले आणि सहा किलोमीटर बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी माझा पाय उचलत नव्हता. तिसऱ्या दिवशी मोरीवर गेले तर माझं नाव नव्हतं. दुसऱ्या मोरीवरचंही आणि पहिल्या मोरीवरचंही त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकलं होतं.

मी शेडमध्ये जाऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्याकडे तीन आठवडे उरलेत, घड्याळामागे कागद आहे, तुम्हाला काय जातंय, असं बरंच. ते शांतपणे स्पोक ताणत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तो कागद तुझ्या दिरानी लिवलाय. पन परवा त्याच्यावर सही तूच करत व्हतीस.”

त्या वाक्याचा मला जितका राग आला तितका दिरांच्या हसण्याचाही आला नव्हता. खरं होतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्या मोरीला लागले. आता त्यांनी वेळ बदलली. दुपारी सायकल ढकलत मोरीपर्यंत चालत पाठवायचे आणि येताना वाऱ्याच्या तोंडावर ती चालवायची. “जायाला कोन बी जातं. तुना यायाला शिकायचाय,” म्हणायचे. ह्या वाऱ्यात मान खाली, कोपर आत, हळू पण न थांबता, हे मी त्या वीस दिवसांत शिकले. त्याच दिवसांत माझे दीर एकदा शेडवर हवा भरायला गेले आणि सहज म्हणून गेले, “काका, कशाला आमच्या बाईला उन्हात मारताय?” काकांनी हवा भरली नाही. व्हॉल्व्ह काढून हातात दिला. टायर फुस्स करून बसला. “चालत जा,” म्हणाले. “म्हंजे कलल, फाट्यावरना तासभर चालत जायाला कसा वाटतं.”

शाळा उघडली त्या दिवशी मी सव्वासातला वर्गाच्या दारात होते. दुपारी तोंडावर वारा घेत परत आले. वाटेत एकदा थांबले, फक्त पाणी प्यायला. शेडसमोर सायकल उभी केली. काकांनी खालून वर बघितलं.

“मेली नाय ना?”

“नाही.”

“मंग उद्या जा.”

घरी आले, घड्याळामागचा कागद काढला आणि त्याने चेन पुसली. दीर बघत होते. दुसऱ्या दिवशी पाचव्या मोरीवर चुना अजून ओला होता. तिथे माझं नाव होतं, तिसरं, आठवडा भरायच्या आधीच. म्हणजे आदल्या संध्याकाळी म्हातारा अकरा किलोमीटर जाऊन ते लिहून, त्या वाऱ्यात परत आला होता.

मी सात वर्षं त्या रस्त्याने गेले. तेवढ्यात बाकी सगळं बदललं. काकांच्या मुलांनी भाताची शेतं बिल्डरला दिली. शेडच्या जागी चार मजले उभे राहिले, दारात मोटारसायकली आल्या आणि म्हाताऱ्या बापाची सायकल त्यांना लाजिरवाणी वाटायला लागली. मग काकांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालायला लागले. मुलांनी सायकल जिन्याखालच्या खोलीत कोंडून कुलूप लावलं. “पडतील कुठे तरी,” म्हणाले. माझ्या दिरांसारखेच शांतपणे म्हणाले. काळजीच्या नावाखाली माणसाला कोंडून ठेवणाऱ्यांची एक जातच असते, ती मला लांबून ओळखू येते. मी भांडले. त्यांनी मला चहा दिला.

मार्चमधला एक शनिवार होता. मी भेटायला गेले तेव्हा मुलं साइटवर, सून झोपलेली. काकांनी मला जवळ बोलावलं.

“चावी देव्हाऱ्यात हाय. गनपतीच्या पाठी.”

“कुठवर जाणार?” मी विचारलं. पहिल्या मोरीपर्यंत, म्हणाले. महिनाभर ते गच्चीत फेऱ्या मारून पाय तयार करत होते, तेही मोजून. मला इतका आनंद झाला की मी बाकी काही विचारलंच नाही. चावी चोरली. सायकल काढली, हवा भरली. डबा शोधून चुना कालवला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाचं नाव आज आपण लिहायचं, एवढंच माझ्या डोक्यात. मी माझ्या सायकलवरून पुढे जाऊन पहिल्या मोरीवर उभी राहिले.

ते आले. हॅण्डल लटपटत होतं, डावा पाय पेडलवर नुसता ठेवलेला, पण आले. मी डबा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. “शाबास काका! वा! शाबास!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. सात वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. आणि ब्रेक न दाबता माझ्यासमोरून पुढे निघून गेले.

मी हाका मारल्या. थांबले नाहीत. तेव्हा कुठे मला माझा पदर पुढे उडताना दिसला. दुपारचे चार. वारा पाठीवर होता. सात वर्षं रोज तोंडावर घेतलेला तो वारा माझ्याच टाळ्यांच्या नादात मीच विसरले होते.

डबा हॅण्डलला अडकवून मी मागे निघाले. तिसऱ्या मोरीवर ते कठड्याला टेकून बसले होते. सायकल आडवी पडलेली. तोंड पांढरं पडलेलं. मी उतरले आणि त्यांनी मला दिलेल्या सगळ्या शिव्या एकेक करून परत केल्या. वारा कळत नाही? शाणे झालात? खाडीवर जन्म गेला ना?

“मना वारा कलत नाय?” ते म्हणाले. “मना?”

“मग परतीचं काय?”

ते रस्त्याकडे, पुढे चौथ्या मोरीच्या बाजूला बघत राहिले. “परतीचं मोजलाच नव्हता,” म्हणाले.

मी त्यांना उचलून माझ्या कॅरिअरवर बसवलं. त्यांची सायकल तिथेच ठेवली. ती मुलांनी नंतर आणली आणि भंगारात घातली, ते ऐकून मी जे बोलले त्यानंतर त्या घराशी माझा संबंध राहिला नाही. पण त्या दिवशी मी सहा किलोमीटर, तोंडावर वारा घेऊन, डबलसीट आले. मान खाली, कोपर आत. मागून सारखा आवाज. “पायडल दाब! शालेत पन अशीच झोपतंस का? घंटी, घंटी वाजव!” दुसऱ्या मोरीनंतर आवाज थांबला. पाठीवर त्यांचं कपाळ टेकलेलं मला लागत होतं. मी घाबरून हाक मारली तर म्हणाले, “पुढं बग.”

फाटकात दोन्ही मुलं उभी होती. मला बोलायला लागली. काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि उतरले. माझ्या हॅण्डलला लटकलेला चुन्याचा डबा त्यांना दिसला.

“तो घरी ने,” म्हणाले. “नाव लिवायचा नाय. मी आलो नाय, मना आनलाय.”

“मग पुन्हा जाऊ. पहिल्या मोरीपासून.”

“मेलो नाय तर,” म्हणाले.

महिनाभरात ते गेले. मोरीवर मी नाव लिहिलं नाही, त्यांनी सांगितलं होतं म्हणून, आणि त्या हट्टी म्हाताऱ्याचा मला अजून राग येतो. त्या संध्याकाळी ते भिंतीला हात लावत, पाय ओढत आत चालले होते. मला वाटलं, दारात तरी वळून बघतील. वळले नाहीत. पाठमोरेच ओरडले, “मागच्या चाकात हवा कमी हाय!”

मी वाकून चाक दाबून बघितलं. कमी होती.